दोनदा विचारल्यावर

नोएल : आणि केक? तोही तसाच पडून आहे?

आयनार : फ्रीज भरलाय. आमच्या गिम्ली गावातल्या बायकांनी एकेक आणून दिला, आलुबुखाराच्या थरांचा. रोज एक फोड खातो. भुसा चावावा तशी.

नोएल : कॅप्टन, अजून थोडी रजा घ्यायची होती.

आयनार : घेऊन काय करू? बायकोला, सिगरिडला पुरलं, जेवणं झाली, लोक आपापल्या घरी गेले. तिचे कपडे तिची बहीण घेऊन गेली. मला रडूसुद्धा आलं नाही, नोएल. दाढ काढताना सुई टोचतात ना, त्यानंतरच्या गालासारखं झालंय. आपलाच गाल, पण आपला नाही.

नोएल : डॉक्टरांच्या कानावर घातलंत?

आयनार : काय घालू? झोप लागते, जेवण जातं. बोललो तर घरी बसवतील. माझ्या वयाचा माणूस एकदा घरी बसला की परत या खुर्चीत येत नाही. पुढं काय करायचं हे मला ठाऊक असतं, अशी एवढी एकच जागा उरलीय.

नोएल : आज विमान मी उतरवू का? विनिपेगला वारा आडवा आहे.

आयनार : मी उतरवतो. तू आकडे बघ, रेडिओ सांभाळ. मी चुकलो तर बोल.

नोएल : आणि तुम्ही ऐकलंच नाहीत तर?

आयनार : दोनदा सांगायचं. दोनदा उत्तर आलं नाही, तर विमान तुझं. मीच शिकवलं तुला, आणि मलाच विचारतेस?

नोएल : विचारून ठेवलेलं बरं. तुम्ही शिकवलेले निम्मे लोक तुम्हाला अजून टरकून असतात.

आयनार : आणि तू?

नोएल : मी सेंट बोनिफेसची. आम्ही फक्त आईला घाबरतो.

आयनार : दहा हजार फूट. आता कामाशिवाय बोलणं बंद.

नोएल : बंद.

आयनार : चाकं खाली.

नोएल : चाकं खाली. तिन्ही दिवे हिरवे.

आयनार : पंखांचे फ्लॅप पूर्ण खाली.

नोएल : फ्लॅप पूर्ण. धावपट्टी समोर.

आयनार : दिसली.

नोएल : वेग कमी होतोय.

आयनार : ...

नोएल : कॅप्टन, वेग कमी!

आयनार : ...

नोएल : विमान माझ्या हातात!

आयनार : तुझ्या हातात.

नोएल : पूर्ण जोर. परत वर नेतेय. फ्लॅप एक टप्पा कमी.

आयनार : केले. चढतोय आपण.

नोएल : चाकं वर.

आयनार : चाकं वर. वेग चांगला आहे. टॉवरला कळवतो.

नोएल : आणि प्रवाशांना.

आयनार : मंडळी, कॅप्टन बोलतोय. उतरता उतरता आपण पुन्हा वर आलो आहोत. एक फेरी मारून उतरू. विमान माझी सहकारी नोएल गाबुरी चालवतेय. नीट चालवतेय.

(विमान गेटला लागलं आहे. प्रवासी उतरून गेले आहेत.)

नोएल : तुम्हाला ऐकू आलं नाही का?

आयनार : आलं. दोन्ही वेळा.

नोएल : मग?

आयनार : वाटलं, तू दुसऱ्याच कुणाला सांगतेयस. देईल तो उत्तर.

नोएल : मागे माणसं बसली होती, कॅप्टन.

आयनार : हो.

नोएल : नंतर मात्र सगळं बरोबर केलंत. कशातच चुकला नाहीत.

आयनार : तू सांगत होतीस, मी करत होतो. आता वरिष्ठांना काय कळवशील?

नोएल : वाऱ्यावर ढकलता येईल. कुणी खोदून विचारणार नाही.

आयनार : ढकलशील?

नोएल : नाही. नाही जमणार मला. पण आधी तुम्हीच सांगा. प्रमुखांना, आत्ता, इथूनच. मी बसते.

आयनार : मग झालं माझं.

नोएल : ते मला नाही माहीत.

आयनार : लाव फोन. नंबर तू लाव, बोलतो मी.

नोएल : काय बोलाल?

आयनार : ठाऊक नाही. आपल्याकडे प्रत्येक कामाची यादी असते, याची नाही.

नोएल : लागलाय. वाजतोय.

आयनार : दे इकडे. नोएल...

नोएल : हं?

आयनार : मी दोनदा गप्प राहिलो, तर...

नोएल : बोलेन मी.