धर्म नसलेल्या जगाचं गाणं

संगमनेर-श्रीरामपूर एसटीत माझ्या मागच्या सीटवर एक कॉलेजची मुलगी आणि तिचे वडील बोलत होते.

“वृषाली, काल गॅदरिंगमधी इंग्रजी गाणं म्हनलीस, त्याचा अर्थ काय हाय?”

“धर्मच नसतील, तर जगात शांतता नांदेल.”

“लिहिनारा लई पुढचं बघत हुता.”

“म्हणजे पटलं, आप्पा?”

“समदं न्हाई. तुझ्या आज्यानं बुद्धाचा धर्म घेतला, तवाच तो गावात मान वर करून चालाया लागला. धर्म नको, असं त्याला कोन सांगनार?”

“आप्पा, मला अमृतशी लग्न करायचंय. तो ख्रिश्चन आहे.”

बस बाभळेश्वरला थांबली, पुन्हा निघाली.

“तुला धर्म बदलाया सांगतोय का?”

“नाही.”

“मग रविवारी जेवाया आन त्याला.”

“रविवारी सकाळी तो चर्चला जातो.”

“चर्च झाल्यावर येऊ दे की. आपन थांबू.”