पान एकशे शहात्तर

मंचावर विराजमान असलेले अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे चिटणीस, पाहुण्या म्हणून आवर्जून आलेल्या मुख्याध्यापिकाबाई, ज्यांच्यासाठी आपण आज जमलो त्या आपल्या ग्रंथपालबाई, आणि समोर बसलेले सर्व वाचक बंधू-भगिनी,

मला पाच मिनिटं दिली आहेत. चिटणीसांनी चिठ्ठीवर 'पाच' लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत, म्हणजे त्यांना माझा अनुभव आहे.

ओळख करून देताना 'आपले बाइंडर' एवढंच म्हटलं गेलं. तक्रार नाही, पण थोडी भर घालतो. माझी शाळा सहावीत सुटली. पुढचं जे काही आलं, ते पुस्तकं उसवून आलं. जुनं पुस्तक सुटं करायचं, आधीच्या माणसानं टाका कुठे घातला ते बघायचं, आणि त्याच्यापेक्षा बरा घालायचा. या वाचनालयाची चार हजार एकशे बारा पुस्तकं माझ्या हातून गेली आहेत. हा आकडा अंदाजे नाही.

एक गोष्ट धंद्यातली सांगतो, पुढे लागेल. मोठा छापील कागद घड्या घालून कापला की त्याची सोळा पानं होतात. त्याला आम्ही फर्मा म्हणतो. असे फर्मे ओळीनं शिवले की पुस्तक होतं. एवढं लक्षात ठेवा.

आता बाईंबद्दल. एकतीस वर्षांत त्यांनी किती कपाटं वाढवली, गळतं छप्पर कसं दुरुस्त करून घेतलं, हे अध्यक्षांनी सांगितलंच. मी फक्त शनिवारबद्दल बोलतो. शनिवारी चार वाजता खुर्च्या गोल मांडायच्या आणि बाईंनी एकेकाला विचारायचं, "सध्या काय वाचताय?" पुस्तकाचं नाव, पान कितवं, आणि दोन वाक्यं. बाई ते फळ्यावर लिहिणार. आपले टपालवाले आजोबा आठ महिने वेलींच्या लागवडीवरच्या पुस्तकात पान चाळीसवर होते. बाईंनी टोकलं तेव्हा म्हणाले, "मी वाचत नाहीये बाई, मी तिथे राहायला गेलोय."

नियम एकच. पान वाचकानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. 'वाचून झालं' हेही त्यानंच म्हणायचं, तोवर फळ्यावरची ओळ जात नाही. शिंपीकाकांनी एकदा सुनेकडून निरोप पाठवला, की पुस्तक संपलं, ओळ पुसा. बाई म्हणाल्या, "त्यांनाच येऊ दे. घाई कसली?"

आमची ही खिडकीजवळच्या खुर्चीवर बसायची, म्हणून फळ्यावर तिचं नाव 'खिडकीताई'. बाइंडरची बायको म्हणून लिहिलेलं तिला खपलं नसतं. तिच्यानंतर पाळी माझी.

दोन वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी ती म्हणाली, "पान एकशे शहात्तर. कादंबरीतली बाई भर दुपारी माहेरच्या दारावर थाप मारते. आणि पुढच्या पानावर भलत्याच घरात शिवत बसलेली. मग दार उघडलं की नाही?"

सगळे हसले. ते पुस्तक मीच तीन महिन्यांपूर्वी बांधलं होतं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "अगं, दोन-दोन पानं उलटत असशील. चष्मा बदल आधी."

ती "बरं" म्हणाली. एवढंच.

आता तो फर्मा आठवा. सोळाला अकरानं गुणा. एकशे शहात्तर येतात. ती एकशे त्र्याहत्तर म्हणाली असती, तर चष्म्याचा दोष मानता आला असता. पण तिनं नेमकं शिवणीवर बोट ठेवलं होतं. अकरावा फर्मा संपतो तिथे. म्हणजे बारावा नव्हताच. मंडळी, मला हे तो आकडा ऐकताक्षणीच कळलं होतं. मी हिशेब करून मग तोंड उघडलं होतं. चष्म्याचं बोललो ते कळूनसवरून.

मंगळवारी तिनं घरी एकदा विचारलं, "अहो, ते पुस्तक जरा बघता का?" मी म्हटलं, बघू. गुरुवारी दुपारी ती चहा ठेवता ठेवता गेली. हृदयाचं दुखणं होतंच. मी पुस्तक बघितलेलं नव्हतं.

फळा दर शनिवारी पुसून नव्यानं लिहिला जातो. बाईंनी तिची ओळ लिहायचं सोडलं नाही. 'खिडकीताई, पान १७६.' तिची पाळी आली की बाई विचारायच्या, "खिडकीताई?" आणि थांबायच्या. एक पान उलटायला लागतो तेवढा वेळ. मग माझ्याकडे वळायच्या. ती खुर्ची कुणी घेत नाही. नवा माणूस बसायला गेला तर शेजारचा त्याचा हात धरतो, कारण विचारलं तर सांगत नाही. एकदा त्या थांबण्याच्या वेळात वाऱ्यानं हॉलचं दार वाजलं. बाराच्या बारा माना वळल्या. आजोबा म्हणाले, "आल्या का?" कुणी हसलं नाही.

माझ्या कारखान्यात लाकडी दाबयंत्र आहे. दांडा फिरवला की ते दोनदा ठकठक करतं. पूर्वीही करत असेल. पूर्वी मी मोजत नव्हतो. काम करता करता मनात यायचं, ती दारातली बाई अजून उन्हात उभीच आहे. मी तिला तिथे उभं केलंय.

गेल्या आठवड्यात चिटणीसांनी जाहीर केलं, की बाई निवृत्त झाल्यावर फळा उतरवणार, यादी आता संगणकावर. हरवलेला फर्मा असलाच तर माझ्याच कारखान्यात असणार. मी जाऊन दाबयंत्र खोललं. खालच्या फळीवर रद्दी कागदांची गादी असते. तिच्यात पानं एकशे सत्त्याहत्तर ते एकशे ब्याण्णव होती, नीट घडी घातलेली. रद्दी समजून मीच घातलेली. त्यानंतर तीनशे सहा पुस्तकं मी तिच्यावर दाबून काढली.

मग वाचनालयातून ते पुस्तक काढलं. मागच्या पुठ्ठ्यात एक चिठ्ठी होती, अक्षर बाईंचं. 'पाने १७७ ते १९२ नाहीत.' तारीख त्याच शनिवारची.

मी बाईंना विचारलं. बाई कार्डं लावत होत्या, मान वर केली नाही. म्हणाल्या, "मी तेव्हाच दाखवलं होतं खिडकीताईंना. म्हणाल्या, बाई, यांना तुम्ही सांगू नका, फार लागेल. स्वतःहून कबूल करतील."

"आणि नसतं केलं तर?"

"म्हणून तर दर शनिवारी विचारत होते."

बाई, दोन वर्षं मला वाटत होतं की तुम्ही त्या खुर्चीला विचारताय.

तर आज शनिवारच आहे, आणि चार वाजून गेलेत. बारावा फर्मा जागेवर शिवला आहे. पुस्तक हे इथे टेबलावर आहे. चूक माझी होती, आणि हे मी तिच्या शेजारी बसून, याच मंडळींसमोर म्हणायला हवं होतं. फळ्यावरची तिची ओळ बदलायचा नियमानं मला अधिकार नाही. फळा उतरण्याआधी फक्त एकदा, नेहमीसारखं, 'खिडकीताई?' असं विचारा, आणि नेहमीइतकंच थांबा. मी मध्ये बोलणार नाही.

माझी पाळी तिच्यानंतरची. पण वेळ संपत आला आहे, म्हणून माझं आत्ताच सांगून ठेवतो. सध्या मी तेच पुस्तक वाचतोय. पान एकशे सत्त्याहत्तर. दार उघडतं. अगदी पहिल्याच ओळीत.

अध्यक्षांनी बोलू दिलं, चिटणीसांनी घड्याळ बघून न बघितल्यासारखं केलं, आपण शांतपणे ऐकलंत, सगळ्यांचा आभारी आहे. बाई, तुमचे आभार तर किती मानावेत. बोलण्यात माझ्याकडून काही गाळलं गेलं असेल, तर पोटात घाला. पण या वेळी मला लगेच सांगा. मी बघेन.