मंजुरीची खिडकी

नाही नाही, ठेवा, खालीच ठेवा कप, मला कळलं — म्हणजे मी माफ केलं म्हणेपर्यंत तुम्ही कॉफीला ओठ लावणार नाही, असंच ना? शुक्रवारी तुमच्याकडची मोठी माणसं येतील, खाली गाड्यांची रांग लावतील, त्यांच्यातला म्हातारा असाच कप पुढ्यात ठेवून गप्प बसेल, मग माझा भाऊ मुनीफ म्हणेल, प्या, मागितलंत ते मिळालं — सगळे प्यायले की झालं, माझा मोडलेला हात जुळला! मी त्या खोलीत नसणारच, मावशी. मी आत वेलदोडे कुटत असणार, उजव्या हाताने, कारण डाव्यात सळ्या घातल्यात. तुम्ही एकट्या आधी आलात, बाईची माफी बाईकडे मागायला, ते बरं केलंत. पण मिळायची नाही. तोंड का फिरवता? बघा ना इकडे. हा डोळा अजून नीट उघडत नाही. हे दात — हे नाहीतच. तुमच्या लेकानं, मुतसिमनंच केलंय, तुमच्या हातचं खाऊन वाढलेल्या हातांनी, मग बघायला काय हरकत आहे?

बारा वर्षं, मावशी, बारा वर्षं त्या इस्पितळात विमा कंपनीच्या खिडकीत बसले. आजारी माणसाचे कागद घ्यायचे, कंपनीला पाठवायचे, ‘हो’ आलं की सांगायचं, ‘नाही’ आलं की तेही मीच सांगायचं. ठरवणारे कोण? ते तिकडे अब्दाली भागात, उंच काचेच्या इमारतीत, त्यांचं तोंड कुणी बघितलंय? तोंड माझं! आणि मी काही पाठ केलेलं बोलायची नाही हो, अल्लाशप्पथ. बाईला वाईट बातमी द्यायची तर आधी बसवायची, पाणी द्यायची, पोरं किती, जेवलीस का, सगळं विचारायची. कुणाचं माणूस गेलं तर त्यांच्या घरी जाऊन मातमाला बसले — कंपनीनं सांगितलं होतं? नव्हतं सांगितलं. नव्या पोरी माझ्याकडे शिकायला पाठवायचे. साहेब म्हणायचे, सुहैरसारखं ‘नाही’ म्हणायला शिका, माणूस आभार मानून जातो. आभार मानून! मला अभिमान वाटायचा त्याचा. लग्न राहिलं, आई त्याच दिवसांत गेली, पण मी म्हणायची, या खिडकीत कुणीतरी मायेचं माणूस नको का? आहे ना मी.

मग तुमचा मुतसिम आला. सुनेचं, विदादचं, हृदयाचं ऑपरेशन. कंपनी म्हणाली, आजार विमा घेण्याआधीचा आहे, नाही मिळणार. मी परत पाठवलं, परत नाही. डॉक्टरांकडून नवं पत्र आणून पाठवलं, तरी नाही. झरक्याहून टॅक्सी घेऊन रोज यायचा बिचारा, खिडकीपुढं उभा राहायचा, डोळे तांबारलेले. हो, ‘बिचारा’ म्हणाले, म्हणून लगेच मान वर करू नका! त्या दिवशी त्याला शेवटचं ‘नाही’ सांगितलं, माझ्या मऊ आवाजात सांगितलं, आणि वर म्हणाले — भाऊ, तुमच्या जागी मी असते तर मलाही असंच वाटलं असतं. तो म्हणाला, “माझ्या जागी? ये की मग. ये ना माझ्या जागी.” आणि रांगेचा पट्टा अडकवतात ना, तो लोखंडी खांब, खाली जड चकती असलेला — तो उचलला त्यानं. पहिल्या घावात काच. दुसरा तोंडावर. मी हात वर केला तर हातावर, आणि हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला, वाळकी काटकी मोडावी तसा, आणि मला आधी वाटलं खुर्ची मोडली. रक्त जिभेवर, काच केसांत, मी टेबलाखाली सरपटतेय आणि तो आत वाकून मारतोय, मारतोय, आणि माझ्या तोंडून काय निघत होतं सांगू? “हो भाऊ, कळतंय मला, कळतंय.” सवय हो! सवय! रांगेतलं कुणी पुढं आलं नाही. एक बाई तर ओरडली, “आणखी मार!” तिला मी आदल्या दिवशी पाणी दिलं होतं.

आणि मग? तुम्हाला माहीत आहे मग काय झालं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विदादची मंजुरी आली. बातमी पसरली, वरचे घाबरले, आली मंजुरी! ऑपरेशन झालं, सून शुद्धीवर आली, बोलते, सूप पिते — पिऊ दे, सुखी राहू दे, तिच्यावर माझा राग नाही. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण कंपनीला लोखंडच लागलं. माझ्या बारा वर्षांच्या गोड बोलण्यानं जे झालं नाही, ते तुमच्या पोराच्या चार घावांनी झालं! मग मी तिथं काय करत होते, मावशी? सांगा ना. मी सांत्वन करत होते की कंपनीसाठी माणसं गप्प बसवत होते? हात मोडला म्हणून नाही मी जळत. हात जुळेल. त्यानं मला खोटी ठरवली! आता कुणी मऊ बोललं तरी मला थोबाडीत मारावीशी वाटते — परवा वहिनीनं उशी नीट केली तर तिच्या अंगावर पेला फेकला मी. बारा वर्षं मंजुरी माझ्या हातात कधी नव्हती. आज आहे. आणि मी म्हणते, नाही. कसं वाटतं ऐकायला? मऊ आवाजात सांगू का? आणि शुक्रवारची वाट कसली बघता, उद्या सकाळी त्याला कोर्टात आणतील तेव्हा पायऱ्यांवरच —

काही नाही. काही म्हणाले नाही मी.

बरं, ऐकलंत तर ऐकलंत! हो, मुनीफ पिस्तूल घेऊन उभा राहणार आहे. आणि मुनीफ तर मिटवायला तयार होता, तो म्हणाला, जाऊ दे सुहैर, माणसं येतायत, मान राखू. मीच म्हणाले. मी! बहिणीचं तोंड बघ आणि मग मिटवायचं बोल, म्हणाले. रोज म्हणाले, तो हो म्हणेपर्यंत. रडू नका. माझ्यापुढं रडून काही होत नाही, बारा वर्षं माझ्यापुढं लोक रडले, काय झालं? थांबा — हे काय करताय? अहो — मावशी! प्यायलात? मी कुठं म्हणाले प्या? मी काही दिलेलं नाही, आणि तुम्ही कप उचलून सरळ — लाज नाही वाटत? तुमच्याकडची म्हातारी माणसं जीव गेला तरी असं करणार नाहीत. निम्मी अंगावर सांडलीत. खांब नाही उचललात, शिवी नाही दिलीत, मी नाही म्हणतेय तरी माफी घेऊन मोकळ्या झालात... काय बाई आहात तुम्ही.

गप्प. जिन्यात मुनीफ आहे. बसून राहा. बसा म्हटलं ना.

ये मुनीफ. या मुतसिमच्या आई. हो, कॉफी प्यायल्या. मी सांगितलं म्हणून प्यायल्या. असा काय बघतोस? मी दिलं, त्यांनी मागितलं ते मी दिलं, हात माझा मोडलाय की तुझा? उद्या तू कोर्टात जाणार नाहीस, दुकान उघडणार आहेस. आणि शुक्रवारी माणसं आली की मी आत बसणार नाही, बाहेर त्यांच्यासमोर बसणार, हे आत्ताच ऐकून ठेव.

आणि तुम्ही, मावशी — हात सोडा माझा. दुखतो तो. सोडा म्हणते ना! चपला दाराशी आहेत. निघा.