मुकं इंजिन

नव्या वस्तूचं कौतुक मले सांगू नका राजेहो. इंग्रजाच्या काळात जऊळक्याले आमच्या काकाची इंजिनावरची पिठाची चक्की होती. तिची फटफट ऐकूनच लोक दळण आणत. इंजिनाच्या धुराच्या नळीवरचा, आवाज दाबणारा डबा फुटका होता, म्हणून काकानं अकोल्याच्या दुकानातून नवा आणून बसवला. इंजिन मुकाट्यानं चालाले लागलं. गावाले वाटलं चक्की बंद आहे. दळण येणंच थांबलं. काका डबा काढून परत अकोल्याले गेले.

दुकानदारानं इचारलं, "खराब निघाला काय?"

"नाही, लय चांगला आहे. मले जुन्यासारखा आवाज करणारा पायजे."

"जुना तर फुटका होता. फुटका माल आमी ठेवत नाही."

काका म्हणे, "मंग हाच फोडून द्या."