मीच मोडलेले धुरे

माह्यं गाव किरनापूरजवळ. बाप धानाचा शेतकरी. आम्ही दोघं भाऊ, दादा मोठा, मी लहान. बाप म्हणे एकानं नांगर धरावा, एकानं पुस्तक, तं दादानं सातवीतून शाळा सोडली अन् मी शिकत गेलो, शिकत गेलो, थेट प्रोफेसर झालो. शेतीचं, जमिनीचं अर्थशास्त्र, हाच माहा विषय. शिकवणं मले लय आवडे, खोटं काहून बोलू.

बाप गेल्यावर वाटणी झाली. आमच्याकडची वाटणी कशी असते, काय सांगू तुम्हाले, शिकेल माणूस हासते. वरची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, तुले अन् खालची मले, असं नाही. हरेक बांधीच्या मधात धुरा, मातीचा बांध, घालतेत, अर्धी तुही, अर्धी माही. सात बांध्या, चौदा तुकडे. सुट्टीत आलो, पाहिलो, डोकंच फिरलं. हेच तं मी वर्गात फळ्यावर लिहून देत होतो, तुकड्याची शेती म्हणजे नुकसानीची शेती. दादाले म्हटलो, धुरे मोडू, एक सलग चक तुहा, एक माहा. दादा खालमानेनं बसला. म्हणे, बाप-आजा असंच करत आले. मी म्हटलो, त्याईले काय समजत होतं? मंग तो म्हणे, हौ बाबू, तू शिकेल आहेस.

खालच्या बांध्या नाल्याजवळच्या, गाळाच्या, चांगल्या. त्या मी दादाले देल्लो, मायेनंच देल्लो, आईची आन. वरची बरड मी घेतलो. सडकेजवळचा सलग तुकडा, गिऱ्हाईक लवकर भेटलं, विकून बालाघाटात घर बांधलो.

मंग नाल्याले पूर आला. एक साल आला, दुसऱ्या सालीही आला. खालचा धानाचा रोवणा सडून गेला, अन् वरच्या बरडीवर धान हिरवंगार उभं, पण ते आता दुसऱ्याचं. तवा समजलं प्रोफेसर साहेबाले, बाप-आजा हरेक बांधी काहून कापत. पाणी जास्त झालं तं वरचं हाती येते, कमी झालं तं खालचं. कोणाच्याच घरची चूल विझू नये म्हणून तो धुरा.

दादा नागपूरले गेला, एका बिल्डिंगवर चौकीदार झाला. भेटाले गेलतो दोनदा. रागावला नाही. रागावला असता तं बरं झालं असतं. चहा पाजला अन् येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगे, हा माहा भाऊ, प्रोफेसर आहे. मी म्हणणार होतो, दादा, चुकलं माह्यं. पण चहा पिऊन तसाच उठून आलो. तिथंच गेला तो, ड्युटीवर, खुर्चीत बसल्या बसल्या.

आता रिटायर झालो. वहिनी गावात एकटी राह्यते. मागच्या हप्त्यात तिच्यापाशी बोललो शेवटी, वहिनी, चूक माही होती. ती म्हणे, त्याईले मालूम होतं बाबू, धुरे मोडले त्याच दिवशी मालूम होतं. मी म्हटलो, मंग बोलला काहून नाही? तं म्हणे, लहान भाऊ एवढं शिकून आला, पहिल्यांदाच घराले काही सांगून राह्यला, त्याले नाही कसं म्हणू, असं ते म्हणत.

तुमचं भलं होवो.