दुसरा तांब्या

तुम्ही माझ्या दुर्बिणीला हसता, पण आमच्या आबांचं ऐका. जन्मभर चकलांब्याच्या माळावर शेळ्या राखल्या. सूर्याला रोज सकाळी तांब्याभर पाणी वाहायचं आणि दुपारभर शिव्या घालायच्या.

मागच्या सुट्टीत मी त्यांना सूर्य बघायच्या दुर्बिणीला डोळा लावायला लावलं. नेमका तेव्हा सूर्याच्या कडेला भडका उसळत होता.

"हे काय उडालं गं?"

"आगीचा लोळ, आबा. पृथ्वीपेक्षा मोठा. असे स्फोट होतातच तिथं."

"सारखे?"

"हो, सारखे."

त्या दुपारी एकही शिवी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी वाहून झाल्यावर त्यांनी तांब्या पुन्हा भरला.

"आज दोन तांबे कशाला, आबा?"

"काल बघितलं न्हाई का तू? लई भाजलंय त्याला."