आधी खुशाली

काय सांगू तुम्हाला, कॉलेजातला माझा पहिला इंग्रजी निबंध मी सुरू केला तो असा, की आम्ही सर्व इकडे खुशाल आहोत, आपली खुशाली देवाजवळ मागतो. हसा, हसा. विषय होता, तुमच्या भागातली माणसं मुंबईला का येतात, आणि ही शहाणी पानभर प्रोफेसरांची तब्येत, पाऊसपाणी, गाईगुरं करत बसली न् उत्तर दिलं अगदी शेवटच्या ओळीत.

तर आमचं गाव खालापूरच्या अंगाला, सगळी भाताची शेती. लढाईचे दिवस. घराघरातला एक तरी माणूस मुंबईत, माझा थोरला भाऊ दादू गोदीत हमाल. गावात लिहिता येणारी मुलगी मी एकटीच, म्हणून सगळ्या बायकांची पत्रं मीच लिहायची न् मीच वाचायची. कार्ड आलं की आधी कोपरा बघायचा, फाटका असला तर कुणीतरी गेलं. कधी घाईत कुणी कोपरा फाडायचं विसरायचा, म्हणून मग पहिली ओळ. खुशाली आली की बाया श्वास सोडायच्या, आणि ती नसली, एकदम मजकूरच आला, तर पुढचं ऐकायच्या आधीच गळा काढायच्या. तशात चव्वेचाळीस साली गोदीत मोठा स्फोट झाला. दादू वाचला, पण आईला तेव्हापासून कार्ड म्हटलं की थरकाप.

तर प्रोफेसर. त्यांनी निबंध परत केला न् म्हणाले, काय म्हणायचंय ते पहिल्या वाक्यात लिही, दिवाळीनंतर नवा आण, नाहीतर नापास. बाबांनी दादूच्या हट्टापायी मला मुंबईच्या कॉलेजात पाठवलेलं, पण बजावून, की नापास झालीस तर घरी, चौक गावचं स्थळ थांबलंय.

दिवाळीच्या सुट्टीत मी आधी घरच्या हाय-नायच्या बोलीत लिहिलं, मग शाळेतल्या मराठीत, मग इंग्रजीत, आणि बघते तर काय, खुशाली तिन्ही भाषांतून सुखरूप पार! खोडायची न् पुन्हा लिहायची. पहिल्याच ओळीत मजकूर लिहायला हात धजेना हो, वाटायचं आपल्या हातानं कुणाला तरी मारतोय. शेवटी डोळे मिटून लिहिलं, की आमच्याकडं एका पिकावर वर्ष निघत नाही, म्हणून माणसं मुंबई गाठतात. नीट झालं का बघावं म्हणून मोठ्यानं वाचलं.

आई भात पाखडत होती. सूप हातातून पडलं. कोन गेलं गं, म्हणाली. मी म्हटलं, अगं हा निबंध हाय. तर ती माझा दंड धरून, लपवू नको बाय, खुशाली कुठं हाय यात, माजा दादू बरा हाय ना? मी किती समजावलं, पण दादूचं कार्ड येईस्तोवर ती धड जेवली नाही, न् खरं सांगते, मीही नाही. ओळ मीच लिहिलेली, तरी मलाच तिची भीती.

निबंध दिला. प्रोफेसर वाचत होते तेवढा वेळ मी चौकच्या त्या स्थळाचं तोंड आठवत होते. त्यांनी खाली लिहिलं, पास. त्यानंतर कॉलेजात मी जे लिहिलं ते पहिल्या ओळीपासून, आणि दर वेळी छाती धडधडून. आता नात काहीतरी मोठं संशोधन लिहितेय, पहिलंच वाक्य सुचत नाही म्हणून रडते. मी म्हणते, भी बाय, खुशाल भी, पण लिही.

त्या नाताळच्या सुट्टीत घरी धावत आले न् अंगणातूनच ओरडले, आई, मी पास! आई उंबऱ्यातच मटकन बसली. म्हणाली, मेले, आदी दादूची खुशाली सांग, मंग हो पास.